दारावरचे तीनशे सात

१

शुक्रवारी सकाळी दूध घ्यायला स्टॅन रॅम्सडेनने दार उघडलं, तेव्हा दारावर कोणीतरी पांढऱ्या रंगाने ३०७ असा आकडा काढून ठेवला होता. आकडे हातभर उंच होते. रंग अजून ओला होता आणि एक ओघळ पार दुधाच्या बाटल्यांपर्यंत आला होता. बाटल्या दोन होत्या. आता एकच पुरे, हे दूधवाल्याला सांगायचं राहून गेलं होतं.

तीनशे सात म्हणजे काय, हे कॉल्डरथॉर्पमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बुधवारी रात्री दहा वाजता लंडनला, पार्लमेंटात, सरकारवरचा अविश्वासाचा ठराव मताला आला. ठरावाच्या बाजूने तीनशे आठ, सरकारच्या बाजूने तीनशे सात. एका मताने पंतप्रधान गेले. दुसऱ्या दिवशी ते राजवाड्यावर जाऊन आले आणि निवडणूक जाहीर झाली. नुसती बरोबरी झाली असती तरी सरकार वाचलं असतं. बरोबरी झाली की सभापती मत देतात, आणि जे आहे ते चालू राहू द्यावं, अशाच बाजूला ते देतात, असा तिथला रिवाज. म्हणजे सगळं अडलं ते एका मतावर. ते मत डोरीन रॅम्सडेनचं होतं, असं गुरुवारच्या संध्याकाळच्या पेपरांनी छापलं. डोरीन म्हणजे या गावची खासदार, स्टॅनची बायको. त्याच रात्री पार्लमेंटच्याच एका खोलीत तिचं हृदय बंद पडलं, ही बातमी त्याच पानावर खाली होती, बारीक टायपात.

स्टॅन दाराकडे बघत उभा असतानाच इनॉक सग्डेन फाटकाशी आला. गिरणीच्या बँडचा हा मास्तर. गावात कोणाचंही प्रेत निघालं की पुढे इनॉकचा बँड असायचा.

"आत येऊ का, स्टॅन?"

"तिथूनच बोल. रंग लागेल."

इनॉकने टोपी काढून हातात घेतली. "मंगळवारच्या मयतीचं सांगायला आलो. पोरं वाजवणार नाहीत म्हणतात."

"पोरं म्हणतात की तू म्हणतोस?"

"सगळेच म्हणतात. तू समजून घे. पुढच्या महिन्यात गिरणी वाचवायचा कायदा यायचा होता. आता दुसरे येतील आणि टाळं ठोकतील. चारशे माणसं आहेत. त्यात तीन माझ्या घरातली."

"आणि ते डोरीनने केलं."

"पेपरात आलंय बाबा. लम्लीने स्वतः सांगितलंय, आपल्याच पक्षाच्या प्रतोदाने. दहाला मतदान, बाई साडेदहाला पोचली. आजारी होती, कबूल. पण मग लवकरची गाडी धरायची."

एकेचाळीस वर्षं स्टॅन रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होता. आयुष्यभर त्याने दोनच गोष्टी सांभाळल्या होत्या, डोरीन आणि गाड्यांच्या वेळा.

"लीड्सहून दोन दहाची गाडी धरली होती तिने," तो म्हणाला. "मी बसवलं तिला. डॉक्टरने उठू नको म्हणून सांगितलं होतं, मीही सांगितलं. तर म्हणाली, एक मत कमी पडलं तर गावात तोंड कुठे दाखवू? गाडी लंडनला पाच वाजून चार मिनिटांनी लागली. मी केबिनला फोन करून विचारलं होतं."

इनॉकने डोळे बारीक केले. "पाचला उतरलेली बाई साडेदहापर्यंत कुठे होती मग?"

"तेच बघायला चाललोय."

"दार तरी धुऊन टाकतो तोवर."

"हात लावू नकोस," स्टॅन म्हणाला. "ज्याने काढलंय त्याला रोज दिसू दे."

२

पार्लमेंटच्या बाजूच्या दाराशी प्रॉसर नावाचा दारवान त्याची वाट बघत होता. माणूस वेल्समधला, पूर्वी नौदलात असलेला. अंगात काळा कोट, पोटावर पितळी बिल्ला. त्याने एक कागदी पिशवी पुढे केली. चष्मा, पर्स, अर्धवट विणलेला मोजा आणि रबराची गरम पाण्याची पिशवी.

"पाणी मीच भरून दिलं होतं, साहेब. चहाही दिला. चहा वाईट आहे म्हणाल्या."

"किती वाजता म्हणाली?"

"आल्या आल्या. सहाला पाच कमी असतील."

"पेपरात साडेदहा आहे."

प्रॉसरने खाली पाहिलं. "पेपरात काय यावं ते दारवान ठरवत नाही, साहेब."

"तू कुणाला सांगितलंस का, की ती सहाच्या आत आली होती?"

"मला कुणी विचारलं नाही."

स्टॅनने चष्मा खिशात घातला. एका काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. "मी विचारतोय ना आता. सगळं सांग."

प्रॉसरने सांगितलं ते असं. आजारी खासदाराला मत द्यायला चालत जावं लागत नाही. तो आवारात असला आणि जिवंत असला म्हणजे झालं. दोन्ही पक्षांचे प्रतोद येऊन त्याला बघतात, एकमेकांकडे बघून मान हलवतात, आणि त्याचं मत शेवटी बेरजेत धरतात. त्या रात्री सरकारच्या बाजूचे असे पाच जण होते. एकाचा पाय सुजला होता, त्याला प्रॉसरने लायब्ररीत पाय स्टुलावर टेकवून बसवलं होतं. डोरीन मागच्या खोलीत सोफ्यावर होती.

"तिला बघायला कोणी आलं होतं?"

"मी तेव्हा मतदानाच्या लॉबीच्या दारावर होतो. घंटा झाली की आठ मिनिटांनी दारं लावायची, हे माझं काम."

"आणि नंतर?"

प्रॉसरने बिल्ल्यावरून हात फिरवला. "निकाल मीच सांगितला त्यांना. एका मताने गेलं म्हटलं. मग म्हणाल्या, मला मोजलं होतं ना? मी म्हटलं, विचारून येतो बाई. पण त्या गर्दीत कोणी थांबून उत्तर देईना. परत आलो तर..."

त्याने वाक्य सोडून दिलं. स्टॅन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारातलं तिचं शेवटचं वाक्य त्याच्यासाठी नव्हतं. ते उत्तराशिवाय इथेच कुठेतरी हवेत लटकलं होतं. त्याला रडू यायला हवं होतं. आला तो संताप.

"मोजतात कसं ते दाखव मला," तो म्हणाला.

सभागृह बंद होतं. प्रॉसरने त्याला सरकार पक्षाच्या लॉबीत नेलं. लांबोडकी खोली, दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं. एका टोकाने खासदार आत येतात. दुसऱ्या टोकाशी कारकुनांची उंच टेबलं. तिथे नाव सांगायचं, कारकून यादीवर खूण करतो. त्याच्या पुढे बाहेरचं दार. दारात दोन्ही पक्षांचा एकेक प्रतोद उभा राहून बाहेर पडणारी डोकी मोजतो.

"म्हणजे नावांची यादी वेगळी आणि डोक्यांचा आकडा वेगळा," स्टॅन म्हणाला.

"हो. निकाल डोक्यांवर लागतो. यादी दुसऱ्या दिवशी छापून येते." प्रॉसरने खिशातून ती छापील यादी काढली.

स्टॅन बाकावर बसला आणि पेन्सिलने एकेक नाव टिपत गेला. आजाऱ्यांची नावं वेगळी दाखवलेली नव्हती, सगळी सरमिसळ होती. डोरीनचं नाव होतं. शेवटपर्यंत आला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तीनशे आठ आहेत ही."

"एक जास्त आहे, हो. लम्लीसाहेब म्हणतात ते जास्तीचं नाव बाईंचं. आधीच लावून ठेवलं होतं, त्या पोचल्या नाहीत म्हणून डोकं धरलं नाही."

"पण ती पोचली होती."

"होय, साहेब."

स्टॅनने टेबलांपाशी कोपऱ्यात एक अरुंद दार पाहिलं. "ते कसलं?"

"संडासाचं."

"शेवटी लॉबी रिकामी झाली हे कोण बघतं?"

"मी. नजर टाकतो आणि 'सगळे बाहेर' म्हणून ओरडतो."

"त्या दाराच्या आत बघतोस?"

प्रॉसर दुखावल्यासारखा झाला. "सन्माननीय सदस्य आत असतील तर आम्ही दार ठोठावत नाही, साहेब. तसा रिवाज नाही."

"त्या रात्री होतं कोणी आत?"

"निकालानंतर दिवे बघायला आलो तेव्हा दार आतून लावलेलं होतं आणि नळ वाहत होता. कोणीतरी रडत असेल म्हटलं. त्या रात्री बरेच जण रडले."

तेवढ्यात मागून कोणीतरी स्टॅनच्या खांद्यावर हात ठेवला.

३

हात रॉय कटलरचा होता. हा सरकारातला मंत्री. वय पन्नाशीच्या आत, सूट उत्तम. पंतप्रधान निवडणूक हरले तर पक्षाचा पुढचा नेता हाच, असं पेपरवाले दोन दिवस लिहीत होते.

"मिस्टर रॅम्सडेन, काय बोलू? डोरीन माझ्या बहिणीसारखी होती."

"तुमच्या तोंडून तिचं नाव दोनदाच ऐकलंय मी. दोन्ही वेळा तिकीट वाटताना."

कटलर हसला, दुःखी माणसाला माफ करावं तसा. "तुम्ही रागावलात, साहजिक आहे. पण मी तिला दोष देत नाही, हे लक्षात ठेवा. आम्ही सगळ्यांनी जीव तोडून प्रयत्न केले. मी अगदी शेवटच्या लोंढ्यात होतो. माझ्या पुढे म्हातारा क्लेग. दोन काठ्यांवर, नेहमीसारखा सगळ्यांच्या मागे, ठक ठक करत. त्याला ढकलून बाहेर काढावं असं वाटत होतं. बाहेर पडलो तेव्हा मनात म्हटलं, जिंकलो. आणि मग तो आकडा."

"क्लेग पुढे, तुम्ही मागे."

"बरोबर. मंगळवारी मी येणार आहे. गावाची समजूत घालीन. माणसं रागाच्या भरात असतात, पण मी चार शब्द बोललो तर ऐकतील."

कटलरला बघून अदबीने लांब जाऊन उभा राहिलेला प्रॉसर तो गेल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "चांगला माणूस आहे. दारवानांनासुद्धा नावाने हाक मारतो."

"म्हणून चांगला?" स्टॅन म्हणाला. "त्या रात्री दारात डोकी कोणी मोजली?"

"आपल्याकडून लम्लीसाहेबांनी. विरोधकांकडून मेजर स्केल्टनने."

मेजर ऑब्रे स्केल्टन आपल्या खोलीत पाइप ओढत बसला होता. म्हातारा, ताठ, एका कानाने बहिरा. स्टॅन आत आल्यावर तो उठून उभा राहिला आणि स्टॅन बसेपर्यंत बसला नाही.

"तुमच्या बायकोबद्दल मला वाईट वाटतं. नेटाची बाई होती. माझ्याशी कधी गोड बोलली नाही."

"तुम्ही तिला त्या रात्री पाहिलं का?"

मेजरने पाइपमधली राख झटकली.

"सोपा प्रश्न आहे, मेजर."

"दोन प्रतोदांमधलं बोलणं बाहेर जात नाही. आमचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं."

"माझ्या दारावर रंग फासलाय. तिच्या मयतीला बँड येत नाहीये. लम्ली म्हणतो ती साडेदहाला आली, आणि पावणेअकराला तर ती मेली. तुम्ही तिला पाहिलं असेल तर तुम्ही कालपासून हे वाचत बसलात. आज सकाळीसुद्धा, अंडं खाता खाता."

मेजरच्या गालावर लाली चढली. तो उठला, टेबलाच्या खणातून एक छोटं कार्ड काढून त्याने स्टॅनच्या समोर पालथं ठेवलं आणि खिडकीकडे पाठमोरा उभा राहिला.

"मी जरा नदीकडे बघतो," तो म्हणाला. "म्हातारपणी पाच मिनिटं लागतात."

स्टॅनने कार्ड उलटं केलं. पेन्सिलने लिहिलं होतं, दारातून तीनशे दोन. खाली, आजारी पाच. एकूण तीनशे सात. आणि त्याखाली पाच नावं. पहिलंच नाव रॅम्सडेन. समोर वेळ, नऊ पन्नास, आणि लम्लीची सही.

तिला मोजलं होतं. त्या तीनशे सातमध्ये ती होती.

मग कमी कोण पडलं? स्टॅनने बाकीची चार नावं वाचली. तिसऱ्या नावावर त्याची नजर थांबली. त्याने ते पुन्हा वाचलं, चष्मा लावून. घाईत खिशातून डोरीनचा चष्मा हाताला आला होता, तरी ते नाव स्पष्ट दिसत होतं.

"हे कार्ड मी नेतोय," तो म्हणाला.

मेजर वळला नाही. "कुठलं कार्ड?"

४

जेराल्ड लम्लीच्या टेबलावर तीन फोन होते आणि तिन्ही वाजत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. स्टॅनने कार्ड त्याच्यासमोर धरलं, हातात दिलं नाही.

लम्लीने एकेक करून तिन्ही रिसीव्हर उचलून टेबलावर ठेवले.

"स्केल्टनने दिलं?"

"सही तुमची आहे."

"आहे."

"नऊ पन्नासला तुम्ही तिच्यासमोर उभे होतात. तिला काय म्हणालात?"

"म्हटलं, शाबास, म्हातारे. आता तू झोप."

"आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांना सांगितलंत की ती आलीच नाही."

"बसा, मिस्टर रॅम्सडेन."

"नाही बसत. एक ऐका. मी सिग्नलमन आहे. माझ्या केबिनसमोरून गाडी गेली की मी पुढच्या केबिनला घंटी देतो, गाडी तुमच्या हद्दीत आली. ती तिथून नीट बाहेर पडली की तिकडून घंटी येते. पण शेवटच्या डब्याचा लाल दिवा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती घंटी कोणी देत नाही. का, तर गाडी तुटून मागचे डबे आत राहिलेले असू शकतात. आत गेल्याची नोंद आहे आणि बाहेर आल्याची नाही, तर गाडी आतच आहे. मग ती शोधायची. जी गाडी नीट बाहेर पडली तिच्यावर खापर फोडायचं नसतं."

लम्लीने पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"कारकुनांच्या यादीत तीनशे आठ. त्यातून पाच आजारी काढा, तीनशे तीन राहतात. तीनशे तिघांनी टेबलापाशी नाव सांगितलं. दारातून आले तीनशे दोन. एक जण आत राहिला. नाव लावून घेतलं, म्हणजे यादीत निष्ठावान. डोकं मोजू दिलं नाही, म्हणजे सरकार पडलं. हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहाटे. यादी हातात आली तेव्हा."

"आणि तुम्ही तिचं नाव घेतलंत."

"कुणाचं घ्यायला हवं होतं?" लम्ली एकदम उसळला. "चार आठवड्यांवर निवडणूक आहे. आमच्यातच कोणीतरी दगाबाज आहे, पण कोण ते माहीत नाही, असं सांगू लोकांना? उद्यापासून आम्ही एकमेकांचे गळे धरू. तुमच्या गावासकट शंभर गावं हातची जातील. ती गेली होती, रॅम्सडेन. तिला आता काही लागणार नव्हतं."

"मला लागतं ना," स्टॅन म्हणाला.

खोलीत फक्त टेबलावरच्या रिसीव्हरांचा बारीक आवाज येत होता. कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"तो कोण ते तुम्हाला माहीत आहे का?" स्टॅनने विचारलं.

"नाही. निवडणुकीपर्यंत माहीत करूनही घ्यायचं नाही. डोरीन असती तर तिनेसुद्धा हेच सांगितलं असतं. पक्षासाठी तिने काय नाही सोसलं?"

"ती असती तर तुमच्या थोबाडीत मारली असती. माझं वय झालंय म्हणून नुसतं बोलतोय."

लम्लीने कपाळ चोळलं. त्याचा आवाज खाली आला. "मी एवढंच करू शकतो. मंगळवारी कटलर येतोय. तो तिच्याबद्दल चांगलं बोलेल. तो बोलला की गाव शांत होईल."

स्टॅनने कार्ड घडी न घालता आतल्या खिशात ठेवलं.

"येऊ द्या त्यांना," तो म्हणाला. "नक्की येऊ द्या. सगळ्या गावासमोर बोलू द्या."

५

मंगळवारी चॅपल भरलं होतं, पण ते दुःखाने नव्हे. माणसं हाताची घडी घालून बसली होती. बँडवाले मागच्या भिंतीशी साध्या कपड्यांत उभे होते, वाद्यं घरी ठेवून. इनॉक त्यांच्यात होता. शेवटच्या बाकावर मेजर स्केल्टन बसला होता. तो कोण हे गावात कुणाला माहीत नव्हतं. स्टॅनने पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

कटलर छान बोलला. डोरीनची गरिबी सांगितली, गिरणीतले तिचे दिवस सांगितले. मग आवाज हळू केला.

"माणूस थकतो. माणसाकडून एका रात्री चूक होते. एखादी गाडी चुकते. तिच्या एका चुकीने तिचं सगळं आयुष्य मोजू नका. मी तिला माफ केलंय. तुम्हीही करा."

कुणीतरी नाक शिंकरलं. स्टॅन पहिल्या बाकावरून उठला आणि शवपेटीच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला.

"रॉयसाहेब, खाली बसायच्या आधी एक सांगाल का? त्या रात्री तुम्ही दारातून बाहेर पडलात तेव्हा पुढे कोण होतं?"

कटलरने पाद्रीकडे पाहिलं. पाद्री आपल्या पुस्तकाकडे बघत होता.

"आता इथे हे कशाला, स्टॅन?"

"मला शुक्रवारी सांगितलंत तेच यांना सांगा. म्हातारा क्लेग होता ना?"

"होता. हो."

"दोन काठ्यांवर. ठक ठक."

"नेहमीसारखा शेवटी. त्यात काय आहे?"

स्टॅनने खिशातून कार्ड काढलं. "इनॉक, इकडे ये. तुझा आवाज मोठा आहे. वाच."

इनॉक मधल्या वाटेने पुढे आला. त्याने कार्ड लांब धरून वाचलं. दारातून तीनशे दोन. आजारी पाच. पहिलं नाव रॅम्सडेन, नऊ पन्नास. इथे तो अडखळला. त्याने वर पाहिलं.

"नऊ पन्नास?" तो म्हणाला. "म्हणजे ती आली होती?"

"सहाच्या आत आली होती. पुढे वाच. तिसरं नाव."

"क्लेग," इनॉकने वाचलं. "लायब्ररीत. पाय सुजलेला."

चॅपलमध्ये बाक करकरले.

"क्लेग त्या रात्री लॉबीत पाऊलसुद्धा टाकू शकला नाही," स्टॅन म्हणाला. "स्टुलावर पाय ठेवून बसला होता आणि त्याचं मत डोरीनसारखंच मान हलवून धरलं. तो रोज शेवटी असतो, म्हणून तुम्ही म्हणालात तो पुढे होता. तुम्ही लॉबीतून बाहेर पडला असतात तर तो नव्हता हे तुम्हाला दिसलं असतं. पण तुम्ही दाराकडे गेलाच नाहीत. टेबलाशी नाव सांगितलंत आणि शेजारच्या संडासात शिरलात. कडी लावलीत. नळ सोडलात. तुम्ही आत आहात हे दारवानाला माहीत असतं तरी त्याने ठोठावलं नसतं, आणि तेही तुम्हाला ठाऊक होतं."

"माझ्या आठवणीत चूक झाली असेल. त्या गोंधळात..."

"मग पुढे कोण होतं? दुसरं कुठलंही नाव सांगा. आम्ही त्याला विचारू."

कटलरने ओठ ओले केले. त्याने प्रवचनाच्या उंच टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मला मळमळत होतं," तो म्हणाला. "मी आजारी होतो. बाहेर यायला उशीर झाला, दार लागलं होतं. यात कट कुठे आहे?"

"आजारी होतात ना? मग ते बुधवारी रात्रीच सांगायचं. गुरुवारी सांगायचं. सहा दिवस झाले. सहा दिवस तुम्ही माझ्या बायकोला माफ करत फिरताय."

मग शेवटच्या बाकावरून मेजर उठला. बहिरेपणामुळे तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला.

"कार्ड माझं आहे. मी दुसऱ्या पक्षाचा प्रतोद. मिसेस रॅम्सडेनना मी नऊ पन्नासला पाहिलं आणि मोजलं. हे मी गुरुवारी सांगायला हवं होतं. आमचं सरकार येणार होतं म्हणून मी गप्प बसलो." एवढं बोलून तो खाली बसला.

कटलर मधल्या वाटेने निघाला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. फक्त दारापाशी बँडवाले उभे होते, ते बाजूला सरकले नाहीत. त्याला एकेकाच्या अंगाला अंग घासत बाहेर पडावं लागलं. प्रत्येकाने त्याच्याकडे बघितलं. मागून कोणीतरी मोठ्याने मोजत होतं, एक, दोन, तीन.

इनॉकच्या हातात अजून कार्ड होतं. "स्टॅन," तो म्हणाला, "अर्धा तास दे. पोरं वाद्यं घेऊन येतील."

हो म्हणावंसं स्टॅनला अजिबात वाटत नव्हतं. या चॅपलमध्ये एकसुद्धा माणूस असा नव्हता, ज्याने त्याच्याकडे येऊन, ती खरंच उशिरा पोचली का, असं विचारलं होतं. दारवानाला कुणी विचारलं नाही आणि त्यालाही कुणी विचारलं नाही.

"आणा," तो शेवटी म्हणाला. "तिला आवडायचं म्हणून. मला ऐकवायला नाही."

मग तो पेटीवर वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला. "मोजलं होतं तुला. मी बघून आलो."

६

संध्याकाळी इनॉक बादली आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन आला. मागे बँडमधले दोघं होते, हातात ब्रश घेऊन. कॉर्नेट वाजवणारा त्यातला एक जण मान वर करत नव्हता आणि त्याच्या नखांत अजून पांढरा रंग होता.

"दार साफ करून देतो," इनॉक म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम."

स्टॅन उंबऱ्यात उभा राहिला. रंग आता वाळून कडक झाला होता. त्याने आकड्यावरून हात फिरवला.

"पुसायचं नाही."

"अरे पण..."

"तीनशे दोन दारातून गेले आणि पाच आजारी. त्या पाचांत पहिली ती." त्याने कॉर्नेटवाल्याकडे पाहिलं. "तू काढलंस ते बरोबर काढलंस. तिचं मत यातच आहे. राहू दे तसंच. येता जाता वाचत जा."

त्याने दार लावून घेतलं. बादली घेऊन तिघंही बराच वेळ बाहेर उभे होते.